जुन्या सायकलीला बसणारं चाक कसं शोधायचं

दुकानात जाऊन नुसतं "२६ इंची चाक द्या" म्हटलं, तर मिळालेलं चाक तुमच्या जुन्या सायकलीला बसेलच याची खात्री नाही. २६ इंची या एकाच नावाखाली टायर बसण्याच्या निदान पाच वेगवेगळ्या मापांच्या रिम चालत आल्या आहेत, आणि एकीचा टायर दुसरीला चालत नाही. रिमचं माप जुळलं तरी अडायच्या जागा उरतातच. एक्सल (चाकाच्या मधला दांडा) खाचेत शिरत नाही, हब (चाकाचा मधला तुंबा) चिमट्यात, म्हणजे पुढचं किंवा मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्यांच्यात, मावत नाही, ब्रेकचं रबर रिम सोडून टायरला घासतं किंवा गिअरच्या चकत्या नव्या हबवर चढत नाहीत.

म्हणून मापं घ्यायची ती सायकलीची. जुनं चाक हे फक्त पडताळ्यासाठी. वीस-तीस वर्षं चाललेल्या सायकलीला आधी कोणी तरी हाताशी आलेलं चाक नट आवळून बसवलेलं असणं अगदी शक्य आहे. तशा चाकाची मापं घेतलीत, तर तीच चूक नव्या पैशात पुन्हा विकत घ्याल.

लागणारी साधनं

- व्हर्नियर कॅलिपर (साधा प्लॅस्टिकचाही चालेल) आणि स्टीलची मिलिमीटर पट्टी
- नटांच्या मापाचे पाने. बहुतेक वेळा १५ मिमीचा लागतो
- टायर काढायच्या पट्ट्या
- मागच्या चाकाला फ्रीव्हील (हबवर आट्याने चढवलेला चकत्यांचा भाग) असेल तर त्याच्या खाचांत बसणारा काढणीचा टूल आणि घट्ट बसवलेला व्हाइस
- मापं लिहायला कागद. दुकानात जाताना हा कागद आणि शक्य असेल तर जुनं चाकही सोबत न्या.

१. आधी ठरवा: चाक बदलायचंय की त्याचा एखादा भाग?

चाक डुगडुगतं म्हणजे ते गेलं असं नाही. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. एक्सलची टोकं गोल गोल झोकांड्या खात असतील तर एक्सल वाकलाय. तो वेगळा मिळतो. फिरवताना खरखर लागत असेल तर हब उघडून कोन (एक्सलवरचे, छर्रे ज्यांच्यावर फिरतात ते निमुळते नट) पाहा. कोनवर खड्डे पडले असतील तर कोन आणि छर्रे बदलून काम भागतं. पण हबच्या आतल्या वाटीतच खड्डे असतील तर त्या हबवर खर्च करू नका.

रिमचा थोडा आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलणं, स्पोक आवळून निघतो. रिमला मोड पडली असेल, स्पोकच्या भोकांभोवती तडे असतील किंवा ब्रेक घासून अॅल्युमिनियमची कड आत खोलगट झाली असेल, तर रिम संपली. ही खोलगी डोळ्यांना पटकन दिसत नाही. ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर स्टीलची पट्टी आडवी टेकवून उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसली की कळतं. अशी कड हवेच्या दाबाने एक दिवस फुटून बाहेर येते, आणि ती बहुधा चालत्या सायकलीतच फुटते.

२. टायर बसण्याचं माप शोधा

टायरच्या अंगावर इंचातला आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो सोडा. जवळच बारीक अक्षरात ३७-५९० किंवा ३२-६३० असा जोड आकडा शोधा. आयएसओ ५७७५ या प्रमाणानुसार पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायरची कड बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे.

जुन्या सायकलींवर नेहमी सापडणारी मापं अशी:

- ६३५: २८ × १ १/२, रॉड ब्रेकच्या उंच सायकली
- ६३०: २७ × १ १/४, जुन्या गिअरच्या रोड सायकली
- ६२२: ७००सी, २८ इंची आणि २९ इंची म्हणूनही विकली जाते
- ५९७: २६ × १ १/४
- ५९०: २६ × १ ३/८
- ५८४: ६५०बी, २६ × १ १/२, आता २७.५ इंची
- ५७१: २६ × १ ३/४, आणि ६५०सी
- ५५९: २६ × १.७५, २६ × २.१ वगैरे, माउंटन बाइक

यातला सगळ्यात फसवा भाग अपूर्णांकाचा. १ ३/४ आणि १.७५ गणितात सारखेच, पण २६ × १ ३/४ म्हणजे ५७१ आणि २६ × १.७५ म्हणजे ५५९. अपूर्णांकातलं आणि दशांशातलं माप एकमेकांच्या जागी कधीही धरू नका. लहान सायकलींतही हेच: २४ × १ ३/८ म्हणजे ५४०, तर २४ × १.७५ म्हणजे ५०७. २० × १ ३/८ चे ४५१, २० × १.७५ चे ४०६.

दुसरा सापळा जास्त धोक्याचा आहे. ६३० चा टायर ६२२ च्या रिमवर अगदी सहज चढतो. फरक फक्त ८ मिमीचा, त्यामुळे "बसला की!" असं वाटतं. हवा भरल्यावर मात्र त्याची कड रिमला धरून राहत नाही आणि टायर उडतो. टायर हाताने जरा जास्तच सहज चढला, तर पंप लावण्याआधी आकडे पाहा.

टायरवरचा आकडा पुसला गेला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला पाहा, काही रिमवर माप कोरलेलं असतं. तेही नसेल तर टायर काढून रिमचा बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा व्यास मोजा आणि त्यातून साधारण १२ मिमी वजा करा. ६३४ च्या आसपास आलं तर रिम ६२२ ची. मोजलेला बाहेरचा व्यास हेच माप समजू नका: ५५९ च्या रिमचा बाहेरचा व्यास ५७१ च्या जवळपास येतो, आणि ५७१ हे स्वतंत्र माप वरच्या यादीत आहेच.

३. चिमट्यातलं अंतर मोजा

चाक काढा. एक्सल ज्या दोन पत्र्यांच्या खाचेत बसतो, त्या पत्र्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. हबवर हेच माप एका लॉकनटच्या (कोन जागी धरणाऱ्या बाहेरच्या नटाच्या) बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्याच्या बाहेरच्या तोंडापर्यंत येतं. दोन्ही लिहा. वेगवेगळी आली तर कोणी तरी चिमटा ओढून किंवा दाबून चाक बसवलं होतं.

पुढे आजचं माप १०० मिमी आहे. जुन्या साध्या सायकलींत ते ९० च्या घरातही सापडतं. मागे सर्वसाधारणपणे असं: आतल्या गिअरच्या तीन वेगांच्या हबला ११४ च्या आसपास, पाच चकत्यांना १२०, सहा-सात चकत्यांना १२६, त्यापुढच्या रोड सायकलींना १३० आणि माउंटन बाइकला १३५.

फ्रेम स्टीलची असेल तर १२६ च्या जागी १३० चा हब चालतो. दोन्ही बाजू दोन-दोन मिमी हाताने फाकवून चाक आत सरकतं आणि स्टील ते सहन करतं. १२० मध्ये १३० घालायचं असेल तर नुसतं ओढून बसवू नका. फ्रेम थंड अवस्थेत बेताबेताने वाकवून नवं माप कायमचं द्यावं लागतं आणि नंतर खाचांचे पत्रे पुन्हा समांतर करावे लागतात. ते तिरके राहिले तर एक्सल रोज वाकवला जातो आणि शेवटी मोडतो. हे काम फ्रेमचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

दोन्ही बाजू सारख्या फाकल्या का हे घरीही तपासता येतं. मागच्या एका खाचेला दोरा बांधा, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणा आणि ताणून बांधा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं हवं.

अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम फाकवायची नाही, अगदी दोन मिमीसुद्धा. तिथे मापाचाच हब शोधा.

उलट बाजूने, हब अरुंद आणि चिमटा रुंद असेल तर नट आवळून चिमटा जवळ ओढू नका. एक्सलवर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे वायसर किंवा स्पेसर घाला. एकाच बाजूला २ मिमीचा स्पेसर घातला तर रिम मध्यापासून १ मिमी सरकते आणि स्पोक ओढून ती परत मध्यावर आणावी लागते. पाच-सहा मिमीपेक्षा जास्त स्पेसर घालायची वेळ आली तर तो हब त्या सायकलीचा नाही.

४. खाच आणि एक्सल

खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजा. जुन्या नटांच्या चाकांत पुढचा एक्सल बहुतेक ५/१६ इंची, म्हणजे जवळपास ८ मिमीचा असतो. आजच्या पुढच्या हबचा एक्सल ९ मिमीचा असतो. त्यामुळे बाकी सगळं जुळूनही नवं पुढचं चाक जुन्या चिमट्यात शिरत नाही. दोन मार्ग आहेत: ५/१६ एक्सलचंच चाक मागा, किंवा स्टीलच्या चिमट्याची खाच कानशीने दोन्ही भिंतींवर अर्धा-अर्धा मिमी रुंद करा. खाचेची खोली वाढवू नका, नाहीतर चाक तिरकं बसेल. घासलेल्या जागी रंगाचा हात मारा, नाहीतर तिथूनच गंज धरतो.

मागे ३/८ इंची (९.५ मिमी) आणि १० मिमी असे दोन एक्सल भेटतात. त्यांचे नट एकमेकांवर चालत नाहीत, पण आटे इतके जवळचे असतात की नट एक-दोन वेढे चढतो आणि मग अडतो. अडल्यावर पाना लावून पुढे रेटलात तर आटे मरतात. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

लिव्हरने आवळायच्या पोकळ एक्सलचं चाक घेत असाल तर एक्सलची लांबी पाहा. लॉकनटच्या बाहेर प्रत्येक बाजूला साधारण ५ मिमी एक्सल यावा आणि तो खाचेच्या पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमीच असावा. जुन्या सायकलींचे ठोकून बनवलेले पत्रे कधी कधी फार पातळ असतात. तिथे एक्सलचं टोक बाहेर डोकावतं, लिव्हर टोकावर आवळली जाते आणि पत्रा मोकळाच राहतो. लिव्हर घट्ट लागते, पण चाक सुटं असतं. अशा वेळी एक्सलची टोकं घासून कमी करा.

५. मागचं चाक: फ्रीव्हील की कॅसेट?

चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी टूल बसतो त्या खाचांकडे पाहा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, म्हणजे हबच्याच दंडगोलावर सरकवून बसवलेल्या चकत्या. स्थिर राहिल्या तर हबवर आट्याने चढवलेला फ्रीव्हील. जुन्या सायकलींत बहुतेक फ्रीव्हीलच निघतो, आणि त्याला आट्याचाच हब लागतो. कॅसेटच्या हबवर तो चढत नाही.

फ्रीव्हीलच्या आट्याचं प्रचलित माप १.३७ इंच × २४ आटे. जुन्या फ्रेंच हबचे आटे ३४.७ मिमी × १ मिमी; यांची अदलाबदल करू नका. नवा फ्रीव्हील हबवर हाताने तीन-चार वेढे सहज चढला पाहिजे. दोन वेढ्यांतच जड झाला तर थांबा. अॅल्युमिनियम हबचे आटे एकदा गेले की हब गेला.

जुना फ्रीव्हील वापरायचा असेल तर तो काढल्याशिवाय जुन्या चाकाचे स्पोक कापू नका, हे कितीही सांगितलं तरी थोडं. वर्षानुवर्षं पेडल मारून तो घट्ट झालेला असतो, आणि तो सोडवायला रिमच तुमची तरफ असते. नुसता हब हातात उरला तर धरायला काही राहत नाही. टूल खाचांत बसवा, निसटू नये म्हणून एक्सलच्या नटाने हलका दाबून ठेवा, टूल व्हाइसमध्ये पकडा आणि रिम दोन्ही हातांनी धरून चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पाव वेढा सुटला की लगेच नट सैल करा. तो तसाच ठेवून फिरवत राहिलात तर फ्रीव्हील नटावर रेटतो आणि एक्सल किंवा टूल मोडतो.

सात चकत्यांची कॅसेट आठ-नऊ चकत्यांच्या हबवर बसवता येते. मागे ४.५ मिमीचा स्पेसर घातला की झालं. उलटं होत नाही, कारण सात चकत्यांच्या हबचा दंडगोल आखूड असतो. गिअरचा शिफ्टर ठरावीक टप्प्यांत टकटक सरकणारा असेल तर चकत्यांची संख्या बदलू नका. त्यांच्यामधलं अंतर संख्येबरोबर बदलतं. टप्पे नसलेल्या, हाताने अंदाजे सरकवायच्या जुन्या शिफ्टरला ही अडचण नाही. जुन्या सायकलींचं हे मोठं सुख आहे.

६. ब्रेक पोचतो का?

मापाचं जुनं चाक मिळत नसेल तर जवळच्या मापाचं घ्यायचा मोह होतो, आणि काही जोड्यांत ते जमतंही. निर्णय ब्रेक करतो. दोन मापांमधल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे रबर जितकं खाली सरकवावं लागेल ते अंतर. ६३० वरून ६२२ वर गेलात तर ४ मिमी. ६३५ वरून ६२२ वर गेलात तर साडेसहा. ब्रेकच्या हाताच्या खोबणीत रबर सध्या कुठे आहे आणि खाली किती जागा उरली आहे ते मोजा. जागा असेल तर २७ इंचीच्या सायकलीला ७००सी चाक हा मला सगळ्यात शहाणा बदल वाटतो, कारण ६२२ चे टायर कितीतरी प्रकारांत मिळतात.

ब्रेकचे खुंट चिमट्यालाच जोडलेले असतील, तर ही मोकळीक जवळजवळ नसते. तिथे मूळ मापाचीच रिम हवी.

रॉड ब्रेकची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याचं रबर रिमच्या बाजूला दाबत नाही, हबकडच्या आतल्या बाजूला वर ओढलं जातं. त्यासाठी खांद्याला गोलाई असलेली वेस्टवूड धाटणीची रिम लागते. सपाट बाजूंची रिम मापाने जुळली तरी तिच्यावर रॉड ब्रेक लागत नाही.

बाजूने दाबणारे ब्रेक असतील आणि क्रोमच्या स्टील रिमऐवजी अॅल्युमिनियमची रिम मिळत असेल तर तीच घ्या. ओल्या स्टीलवर ब्रेक फार उशिरा पकडतो.

७. रिमच्या बारीक गोष्टी

रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट रुंदीचा टायर चांगला बसतो. जुन्या रिमच्या भिंती आतून सरळ असतात, टायरची कड पकडणारा हूकसारखा बाक त्यांना नसतो. त्यांच्यात जास्त दाबाने हवा भरू नका. व्हॉल्व्हचं भोकही पाहा. बारीक प्रेस्टाला ६.५ मिमी, जाड श्रेडरला ८.५ मिमी लागतं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह रबरी कडं घालून चालतो. अरुंद रिमचं भोक मोठं करू नका, ती तिथेच कमजोर होते.

जुना हब चांगला असून फक्त रिम बदलायची असेल तर हबची आणि रिमची भोकं मोजा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० असत. आता ३६ आणि ३२ जास्त भेटतात. जुनेच स्पोक वापरायचे असतील तर स्पोक जिथे संपतात त्या जागेचा व्यास दोन्ही रिमचा सारखा हवा. त्यात २ मिमी फरक म्हणजे स्पोकच्या लांबीत १ मिमी. निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचे नट) गंजून फिरत नसतील तर जुने स्पोक वाचवण्यात वेळ घालवू नका.

८. वापरलेलं चाक घेताना

वरची सगळी मापं घ्या, आणि शिवाय:

- चाक फिरवून एका जागी बोट धरा. डावी-उजवीकडचा आउट निघतो. वर-खालची उडी, विशेषतः रिमला मार बसून आलेली, सहसा पूर्ण निघत नाही.
- स्पोक जोडीजोडीने दाबून पाहा. मागच्या चाकात उजवीकडचे डावीकडच्यापेक्षा घट्ट असणारच, पण एकाच बाजूचे एकमेकांशी सारखे हवेत. एखादाच ढिला असेल आणि तरीही रिम सरळ असेल, तर रिम वाकलेली आहे आणि स्पोक ओढून ती सरळ दाखवली आहे.
- दोन-तीन स्पोक नवे आणि बाकी जुने दिसले तर उरलेलेही लवकरच तुटतील असं समजा.

९. बसवताना

रिमपट्टी, ट्यूब, टायर या क्रमाने चढवा. थोडी हवा भरून टायरच्या कडेची रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का पाहा, मगच पूर्ण हवा भरा. चाक चिमट्यात बसवून रिम दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. एका बाजूला असेल तर चाक काढून उलटं घालून पाहा (मागचं फक्त तपासण्यापुरतं, चेन न चढवता). रिम त्याच बाजूला राहिली तर चिमटा वाकडा, दुसऱ्या बाजूला गेली तर चाक.

मागे गिअर असतील तर सायकलीवर बसण्याआधी डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) मर्यादेचे स्क्रू पुन्हा लावा; तो दोन्हीकडे किती सरकेल हे तेच ठरवतात. नव्या हबवर चकत्या एखादा मिमी इकडे-तिकडे बसतात, आणि तेवढ्यानेही डिरेलर सगळ्यात मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये जाऊ शकतो. सगळ्यात लहान चकतीवर चेन ठेवून ती फ्रेमच्या पत्र्याला घासत नाही ना, हेही पाहा.

पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर नट, स्पोक आणि ब्रेकचं रबर पुन्हा तपासा. नवे स्पोक जागा धरताना थोडे सैल होतात आणि फ्रीव्हील पेडलच्या जोराने आणखी आत बसतो, म्हणून गिअरचे स्क्रूही त्याच वेळी एकदा पाहून घ्या.